बारकीच्या गाडीतलं स्वयंपाकघर

आमच्या लेकीला घरात सगळे बारकी म्हणतात. आता ती दारातून वाकून जाते, तरी बारकीच. शिकली हिशेबाचं आणि नोकरी धरली लिफ्ट दुरुस्तीची. वर्षभर सुट्टीच्या दिवशी तिने अंगणात कारमागे जोडून न्यायची छोटी घरगाडी बांधली. मागचं झाकण उचललं की ओटा, शेगडी आणि खाली सिलिंडरचं कपाट. उद्या ती एकटीच निघणार आहे.

रंगकाम तिच्या बाबांनी मागून घेतलं. जन्मभर फर्निचरला पॉलिश केलेला माणूस. लाकडात भोक दिसलं की त्यांना चैन पडत नाही.

आज दुपारी बारकीने शेगडी बसवली. सर्दीने तिचं नाक चोंदलेलं. मी चहा घेऊन गेले, तर मला वास आला.

"बारके, गॅस."

"आई, तुला तो रोजच येतो."

"रंगाचा असेल," बाबा म्हणाले.

तिने लायटर उचलला. मी कप टाकून तिचं मनगट धरलं.

"बरं बाई, बघते." तिने नळीच्या जोडावर साबणाचं पाणी लावलं. फुगे आले. तिने झटकन सिलिंडर बंद केला, मग ती कपाटात वाकली आणि तशीच थांबली.

"बाबा, तळाची भोकं कुठे गेली?"

"ती? मला वाटलं, तू ड्रिलवर हात बसवत होतीस. बुजवली."

"गॅस जड असतो, बाबा. खाली साचतो. तो बाहेर जायला होती ती."

तिने आम्हाला फाटकापर्यंत मागे नेलं. कपाट उघडं टाकून आम्ही वाऱ्यात उभे राहिलो. बाबा आपल्या रंग लागलेल्या बोटांकडे बघत होते.

गॅस विरल्यावर ते म्हणाले, "पाड परत."

"तुम्हीच पाडा. इतकं गुळगुळीत केलंय, मला जागा सापडत नाही."

त्यांनी डोळे मिटून तळावर बोट फिरवलं, जागा शोधली आणि स्वतःच्या रंगातून ड्रिल घातलं. तिने जोडाचं वायसर बदललं. सिलिंडर उघडून पुन्हा साबणाचं पाणी लावलं. आता फुगे आले नाहीत.

"आई, माझं नाक बंद आहे. तू वास घे."

मी गुडघे टेकून कपाटात डोकं घातलं. नुसतं 'येतोय' म्हटलं असतं, तर तिचं जाणं लांबलं असतं. ती लायटर धरून माझ्या तोंडाकडे बघत होती.

"नाही येत," मी म्हणाले. "पेटव."