माहेरचं टेबल

बिमलाच्या घरी पहिल्यांदा गेले तेव्हा मला चहा मिळाला नाही. इथे आखातात, सनदमध्ये आम्ही एकाच बिल्डिंगमध्ये, ती वर, मी खाली. दारातच तिने विचारलं, "तुजा म्हायेर खंय?" मी सातारा सांगितलं. "मगे तुमच्या राज्याचो पक्षी खंयचो?" मी म्हटलं, मोर असेल. "मोर देशाचो. राज्याचो सांग. कळल्याशिवाय च्या गावची नाय." रागारागाने खाली आले, मोबाइलवर शोधलं आणि परत वर जाऊन दार वाजवलं. "हरियाल. टाक आता चहा." तेव्हापासून आमचं जमलं ते जमलंच.

ही मालवणी बोलणारी बाई होती गढवालची, उत्तराखंडची. माहेरची नेगी. परबभाऊजी दिल्लीत नोकरीला असताना लग्न झालं आणि मराठी ती सासूकडून शिकली, मालवणला चुलीपुढे बसून. शब्द मालवणी, सूर पहाडी. तिला कोणी 'नॉर्थ इंडियन' म्हटलं की आटोपलंच. हातातलं ताट खाली ठेवून सुरू व्हायची. ब्रह्मकमळ आमचं फूल, मोनाल पक्षी, कस्तुरीमृग प्राणी, बुरांश झाड. त्या बुरांशाच्या लाल फुलांचं सरबत करतात. पूर्वी हा सगळा डोंगर उत्तर प्रदेशात होता, वेगळ्या राज्यासाठी लोक रस्त्यावर उतरले, हे सांगताना तिचा आवाज चढायचा. "माजी आवस विळो कमरेक लावन मोर्चाक गेल्ली. कोणी फुकट देवक नाय आमका राज्य."

दर हिवाळ्यात जवळच्या ईसा टाउनमध्ये, शाळेच्या हॉलमध्ये आपल्या भारतीय लोकांचा मेळावा भरतो. प्रत्येक राज्याला एक टेबल. त्यावर राज्याची चिन्हं, इतिहास, बघण्यासारखी ठिकाणं, उद्योगधंदे मांडायचे. केरळवाल्यांचा अर्धा हॉल असतो. बिमलाच्या राज्याचं नाव घ्यायला मात्र ती एकटीच पुढे आली. मेळाव्याचे प्रमुख देसाईसाहेब. त्यांनी 'उत्तर भारत' असं एकच टेबल करून मधोमध ताजमहाल चिकटवला होता.

"वहिनी, तुम्ही तर परब," ते गोडीत म्हणाले. "महाराष्ट्राच्या टेबलावर बसा की."

"सासर माजा महाराष्ट्र, कबूल. पण म्हायेराचा टेबल खंय आसा?"

"हॉलमध्ये जागाच नाही हो. बाहेर उन्हात बसणार आहात का?"

"माका सावली नको. टेबल होया."

आणि बसली की बाहेर. घरातलं घडीचं टेबल आम्ही दोघींनी फरफटत आणलं आणि स्कूलबस थांबतात तिथे गेटपाशी मांडलं. वारा असा सुटलेला की नकाशा उडायला लागला. तिने त्याच्या चारी कोपऱ्यांवर नाचणीच्या पिठाची पाकिटं ठेवली. नाकात टिहरीची नथ, गालभर. ती नथ बघायला आपल्या कोकणातल्या बायका थांबल्या आणि पिठाच्या पाकिटांकडे बघून हसल्या. "अगो, ही तर आमची नाचणी." बिमला म्हणाली, "आमी मंडुवा म्हणतंव. भाकरी तीच."

देसाईसाहेब हॉलमधून बघायला आले. उद्योगांच्या रकान्यात पर्यटन, धरणं, औषधांचे कारखाने असं सगळं तिने लिहिलं होतं. खाली ठळक अक्षरांत एक ओळ जास्तीची होती: 'शेती बायका करतात.' ते म्हणाले, ही ओळ काढा, बरं दिसत नाही. बिमलाने पेन उचललं आणि त्या ओळीखाली रेघ मारली. "बापये फौजेत नायतर परगावच्या हॉटेलात. डोंगर कोणी धरून ठेवलो? केदारनाथ बघूक या, पण मगे माजो गाव पण बघा. घराघराक कुलपां आसत." गेटपाशी उभ्या कोकणातल्या बायकांचं हसणं थांबलं. कुलपांचं त्यांना कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

पुढच्या वर्षी साहेबांनी आपणहून हॉलमध्ये जागा दिली. कोपऱ्यातली, पण आत. ती जागा तिने शेवटपर्यंत सोडली नाही.

गेल्या उन्हाळ्यात परबभाऊजींची नोकरी गेली, व्हिसा रद्द झाला. सामान बांधताना बिमलाने नकाशाची गुंडाळी माझ्या हातात दिली. "वैनी, टेबल जावक देव नको," एवढंच म्हणाली. मला फार रडू आलं. ती रडली नाही. रडली असती तर जरा बरं वाटलं असतं मला.

यंदा मेळाव्याची यादी लागली आणि त्यात उत्तराखंड नव्हतं. मी गुंडाळी काखेत मारून देसाईसाहेबांपुढे उभी राहिले.

"वहिनी, त्या राज्याचं आता कोणी पुढे येत नाही. खलास."

"मी आले की."

"अहो, तुम्ही साताऱ्याच्या."

"बिमला माझी बहीण. मग तिचं माहेर ते माझं माहेर नाही होय?"

त्यांनी मान हलवली. हॉल भरलाय, जागा कुठून आणू, वगैरे वगैरे. मी ऐकून घेतलं. पिशवीतून नाचणीची पाकिटं काढून त्यांच्या टेबलावर मांडली.

"माका सावली नको," मी म्हटलं. "टेबल होया."