एका केसाच्या जाडीत

तरुणपणी सोलापूरच्या शाळेत प्लास्टिकविरुद्ध तासभर भाषण ठोकणारी मी, आता पॉलिमरच्या, म्हणजे प्लास्टिकच्याच जातकुळीतल्या कणांत भरलेलं कॅन्सरचं औषध शिरेतून घ्यायला बसले होते. काय ती तेव्हाची अक्कल! मागच्या खेपेला जुन्या औषधानं पाचव्या मिनिटालाच माझा श्वास कोंडला होता, म्हणून आज हे नवं.

सिस्टर औषधाची कुपी हलवत नव्हती, तळव्यांत धरून हळूहळू फिरवत होती.

"किती बारीक गं हे कण?"

माझ्या टकलाकडं बघून ती हसली. स्वतःच्या वेणीतला एक केस तोडून तिनं माझ्या बोटावर ठेवला.

"आज्जी, ह्याच्या जाडीत असले हजारभर शेजारी-शेजारी बसतील की! आन् परत्येकाच्या पोटात औषध."

जन्मभर विज्ञान शिकवलेली मी त्या केसाकडं बघतच राहिले.

थेंब सुरू झाले. माझं मनगट धरून ती घड्याळाकडं बघत उभी राहिली. पाच मिनिटं गेली, दहा गेली.

"श्वास?"

मी छाती भरून घेतला. कुठंच अडला नाही.

"लई झ्याक हाय की!" ती म्हणाली.

तेव्हा कुठं तिनं मनगट सोडलं. तिथं तिच्या बोटांचे लाल वळ उठले होते. म्हणजे घाबरलेली मी एकटीच नव्हते.