दोन बोटांतली गोडंबी

सत्तरच्या दशकातली गोष्ट, पण आठवली की आजही माझं डोकं सणकतं.

रशियन, पोलिश अशा स्लाव लोकांचे पूर्वज कठीण कवचाच्या फळाला काय म्हणत, हे कुणी लिहून ठेवलेलं नाही. आजच्या भाषांवरून मागे मागे जात विद्वानांनी तो शब्द जुळवला: ओरेखु. पुण्यात भाषाशास्त्राच्या एम.ए.ला आमचे सर तो इतक्या मायेनं शिकवत, जणू घरात पाळणा हललाय. मार्गासनी गावाहून आलेल्या मी त्याची एक, दोन आणि अनेक फळांची वेगवेगळी रूपं घोकली.

हिवाळ्यात आईनं सरांसाठी गोडंबी दिली होती. बिब्बा फोडून आतला गर काढतात, ती गोडंबी. सर खूश झाले. "मुलीच्या बाळंतपणाच्या लाडवांना आणखी मिळेल का?"

म्हणून सुट्टीत मी आईबरोबर बिबे फोडायला बसले. "हातास्नी राख लाव, न्हाईतर उतंल," आई सारखी सांगत होती. राख लावूनही बिब्ब्याचं तेल उतायचं ते उतलंच. तोंडी परीक्षेला गेले तेव्हा बोटांवर फोड होते आणि एक गाल सुजला होता.

"तिथंच थांब!" सर ओरडले.

"सर, बिब्बा उतलाय. याची लागण होत नाही."

"तुमच्याकडे असलं काहीतरी चालूच असतं," ते नाकाला रुमाल लावून म्हणाले. तुमच्याकडे म्हणजे आमच्या बौद्धवस्तीत, हे समजायला एम.ए. लागत नव्हतं.

मला दारात उभं ठेवून विचारलं काय, तर ओरेखु! मी लिथुआनियन भाषेतला त्याचा नातलग शब्द सांगितला, त्याच्या मागचं मूळ नक्की सापडत नाही हेही सांगितलं. सगळी रूपं म्हटली. अनेकवचनात 'ख'चा 'स' होतो, तोही चुकला नाही. सर डोळे मिटून डोलत होते. कुणी कधी न ऐकलेल्या शब्दावर एवढा जीव, आणि यांच्याच लाडवांपायी भाजलेल्या हातांची किळस! अंगाची लाही लाही झाली.

"संशोधनाच्या जागेसाठी तुझं नाव पाठवायचं का, बघू," ते म्हणाले. मग रुमाल जरा खाली आला. "गोडंबी आणलीस ना?"

पुडकं पिशवीतच होतं. ते दिलं असतं तर नाव गेलं असतं, हे त्यांनाही ठाऊक होतं आणि मलाही.

"नाही," मी म्हणाले.

जागा दुसऱ्याला मिळाली. परीक्षेच्या दिवशीच एसटीनं घरी येऊन मी पुडकं आईपुढे ठेवलं.

"घेतली न्हाई व्हय सरांनी?"

"म्याच दिली न्हाई."

आई माझ्या बोटांकडे बघत राहिली. जन्मभर तिनं गोडंबी विकली, नाहीतर कुणाकुणाला पोचवली. त्या संध्याकाळी तिनं चूल पेटवली आणि पहिल्यांदा आमच्यासाठी लाडू वळले.