न्यायाच्या दिवसापर्यंत

शिकलेली माणसं धर्मावर वाद घालायला बसली की वाद काही मिटत नाहीत, किस्से मात्र साठत जातात. नाशकात आमच्या चर्चमागच्या खोलीत उपासना संपली की आम्ही चौघं बसतो. पाळकसाहेब, कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणारे डॅनियल सर, निवृत्त नर्स मार्थाबाई आणि मी. मी शाळेत मराठी शिकवते. इथे चहा करते.

सर आठवडाभर कॉलेजात उत्क्रांती शिकवायचे आणि रविवारी चर्चमधल्या तरुणांना बायबलातली सहा दिवसांची निर्मिती. एक मुलगी दोन्ही वर्गांत होती. तिने एकदा विचारलं, "सर, खरं काय?"

"पेपर कोण तपासणार आहे, ते बघ."

पोरगी हसली. सर हसले नाहीत.

*

देवाने सगळं आधीच ठरवलंय, असं पाळकसाहेब एकदा समजावत होते. "मग प्रार्थना कशाला करायची?" सरांनी विचारलं. उत्तर दिलं मार्थाबाईंनी. त्यांच्या वॉर्डात शेजारीशेजारी दोन पेशंट, दोघंही सीरियस. एकाची लेकरं लहान, म्हणून बाईंनी मनातल्या मनात त्याच्यासाठी प्रार्थना केली. तो गेला. शेजारचा म्हातारा सकाळी उठून बसला आणि म्हणाला, "सिस्टर, माझ्यासाठी नव्हतं ना मागितलं तुम्ही?"

"तेव्हापासून," बाई म्हणाल्या, "मी सगळ्यांची नावं घेते."

*

पत्नी गेल्यापासून, उपासनेत सगळे मिळून आपण काय मानतो ते सांगणारा विश्वासांगीकार म्हणताना 'देहाचं पुनरुत्थान' आलं की सर गप्प व्हायचे. पटत नाही ते म्हणायचं नाही, एवढंच. एका रविवारी मी त्यांच्या मागच्या बाकावर होते. सर नेहमीसारखे थांबले आणि त्यांच्याच बाकावरून ती ओळ एका बाईच्या आवाजात स्पष्ट ऐकू आली. बाकावर सर एकटे होते. सर जरासे सरकून बसले.

*

कॉलेजच्या प्रयोगशाळेत माणसाचा खराखुरा सांगाडा होता, हुकला टांगलेला. सर स्वतः विद्यार्थी होते तेव्हापासूनचा. प्लास्टिकचा नवा आला, तेव्हा जुना काढून टाकायचं ठरलं. सर अस्वस्थ होऊन पाळकसाहेबांकडे आले. "याला पुरायला हवं."

"हा आपल्यातला होता कशावरून?"

"न्यायाच्या दिवशी सगळेच कबरीतून उठणार, असं तुम्हीच शिकवता. हा कुठून उठणार? भंगारातून?"

पाळकसाहेबांनी कबरस्तानाची किल्ली काढून टेबलावर ठेवली. मग कॉलेजची परवानगी घेऊन आम्ही चौघांनी त्याला आमच्या कबरस्तानाच्या कोपऱ्यात पुरलं. नाव नाही, क्रूस नाही. बाहेर कोणाला सांगितलंही नाही. राखणदारालासुद्धा एवढंच माहीत, की सरांचं कोणीतरी आहे.

पुढच्या आठवड्यात राखणदाराचा सरांना फोन आला. "सर, तुमच्या त्या माणसाची आई येऊन गेली."

"कोणाची आई?"

"कोपऱ्यातल्या. लय म्हातारी होती. फुलं ठेवली, बसली थोडा वेळ. रडली नाय. मी विचारलं, आजी, कसा गेला पोरगा? तर म्हणाली, ते जाऊ दे बाबा. किती वर्षं उभाच होता. आता कुठं पाठ टेकली त्यानं."