मावशीने तपासलेली बातमी

माझी मावशी एका दैनिकात कच्ची छपाई तपासायची. मजकूर पक्का छापायला जाण्याआधी ओळ न् ओळ वाचायची आणि चुका लाल शाईने दुरुस्त करायची. खोली जिन्याखाली, खिडकीचा पत्ता नाही. वरून कोणी उतरलं की टेबलावर माती पडायची. शेजारी बसून तेच काम करणारे दोघे पुरुष 'मुद्रितशोधक' होते. हजेरीपटावर मावशीच्या नावापुढे मात्र 'मदतनीस' होतं, ते सव्वीस वर्षं तसंच राहिलं. कचेरीत तिला 'काना-मात्राबाई' म्हणायचे. तिने कधी तक्रार केली नाही. तक्रारींच्या बातम्या कशा छापतात, ते तिला रोज वाचावं लागायचं.

तिची धाकटी बहीण म्हणजे माझी आई. आई टेलिफोन कचेरीत नंबर जोडून द्यायची. लग्न झालं आणि आठवड्यात हातात पत्र पडलं: नियमाप्रमाणे विवाहित स्त्रियांची सेवा समाप्त. त्याच महिन्यात तिच्या साहेबाचंही लग्न झालं होतं. त्याला बढती मिळाली. आई कोर्टात गेली.

पहिल्या तारखेची बातमी नेमकी मावशीच्या टेबलावर आली. मथळा होता, 'गोड गळ्याची बाई, कडू तक्रार'. खाली आईच्या कपड्यांचा रंग, चपलेची टाच, साक्ष देताना डोळ्यांत तरळलेलं पाणी. नवरा भाग्यवान की बिचारा, हे वाचकांनीच ठरवावं, असा शेरा. कामावरून का काढलं, ते पार शेवटच्या ओळीत.

मावशी कागद घेऊन वर संपादकांकडे गेली.

"साहेब, यात चूक आहे."

"कुठे? ऱ्हस्व-दीर्घ?"

"ती बाई रडली नव्हती."

"तुम्ही होतात तिथे?"

मावशी होती. अर्ध्या दिवसाची रजा काढून शेवटच्या बाकावर बसली होती. पण 'ती माझी सख्खी बहीण', हे तिच्या तोंडातून निघेना.

"बाई," संपादक समजुतीच्या सुरात म्हणाले, "रडली नसेल तर रडवायची असते. नाहीतर वाचणार कोण? तुम्ही काना-मात्रा बघा."

मावशी खाली आली. मथळ्यात 'गळयाची' पडलं होतं, ते 'गळ्याची' केलं. दोन स्वल्पविराम घातले, सही केली आणि कागद पुढे पाठवला.

दुसऱ्या दिवशी ती आमच्या घरी आली तेव्हा आई तोच अंक पुढ्यात घेऊन बसली होती.

"शुद्धलेखनाची एकही चूक नाही," आई म्हणाली. "तूच तपासलंस ना?"

"हो."

"मग बरं. निदान तुझी तरी नोकरी टिकू दे."

आई मनापासून बोलली होती. ती चिडली असती तर मावशीला सोपं गेलं असतं. पुढे आई हा प्रसंग हसत सांगायची, आणि मावशी उठून आत पाणी प्यायला जायची. तहान नसली तरी.

खटला नऊ वर्षं रखडला. आई जिंकली. तोवर नंबर जोडायला माणसंच लागत नव्हती; तिला जुन्या कागदांच्या खोलीत बसवलं. दैनिकात निकाल आला तो सहाव्या पानावर, चार ओळींत, सिनेमांच्या वेळांखाली. 'एका विवाहितेस दिलासा.' नाव नाही, गाव नाही. चपलेचीही कोणाला आठवण राहिली नव्हती.

मावशीच्या निवृत्तीच्या वर्षी दैनिकाचा सुवर्णमहोत्सवी अंक निघाला. त्याच्या कच्च्या प्रतीत एक वाक्य होतं: 'नोकरदार स्त्रियांच्या लढ्याला आम्ही पहिल्यापासून साथ दिली.' मावशीने समासात लाल शाईने एकच शब्द लिहिला: 'कधी?' मग तीन दुपारी जुन्या अंकांच्या बांधलेल्या गठ्ठ्यांत घालवल्या. धुळीने शिंका, गुडघ्यांना कळा. सूतगिरणीतल्या बायकांनी सारखा पगार मागितला तेव्हाचा मथळा सापडला, 'बायका बिथरल्या!'. परिचारिकांच्या संपावरचं व्यंगचित्र सापडलं. 'टंकलेखिका पाहिजे: अविवाहित, देखणी, उलट न बोलणारी' ही जाहिरात तर पुन्हा पुन्हा सापडली. आईची बातमीही सापडली.

तोवर संपादकाच्या खुर्चीवर एक बाई आली होती, मावशीपेक्षा वीस वर्षांनी लहान. मावशीने गठ्ठे तिच्यापुढे नेऊन ठेवले, तिने सगळं नीट वाचलं. आईच्या बातमीपाशी थांबली.

"ही कोण?"

"माझी बहीण. तपासणारी मी." हे सांगायला मावशीला बावीस वर्षं लागली.

संपादकबाईने कच्ची प्रत पुढे ओढली. मग म्हणाली, "ते वाक्य काढून टाकू."

"आणि हे छापाल?"

"महोत्सवाच्या अंकात? मावशी, मलाही वर उत्तर द्यावं लागतं हो. मालक मला इथे ठेवतील का?"

मावशीने वाद घातला नाही. या प्रश्नाचं उत्तर तिला पाठ होतं. तिने वाक्यावर आडवी रेघ मारली, गठ्ठे बांधून जागेवर ठेवले आणि आमच्याकडे आली. आईने तिचे पाय गरम पाण्यात घातले, मग सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे खोटं गेलं, पण खरं काही आलं नाही," आई म्हणाली. "मग त्या जागी काय छापणार?"

"छत्र्यांची जाहिरात."

आई हसायला लागली. मावशीला हसू आलं नाही. पाणी निवेपर्यंत ती डोळे मिटून बसून राहिली, आणि या खेपेला उठून आत पाणी प्यायला गेली नाही.