माती तोंडात घालू नका, बाकी काहीही करा!

लहान मुलांच्या शाळेत किस्से जमवावे लागत नाहीत. नखांतल्या मातीसारखे ते आपोआप घरी येतात!

मी मूळची पुण्याची. आता बंगळुरूला, मारतहळ्ळीतल्या एका छोट्या प्ले-स्कूलमध्ये तीन-चार वर्षांच्या मुलांना शिकवते. जोडीला शांताक्का. त्या बनशंकरीच्या, पिढ्यान् पिढ्या इथंच राहिलेल्या मराठी घरातल्या. त्यामुळे त्यांची मराठी निम्मी कन्नड! गेल्या वर्षी आम्ही मागच्या अंगणात चार घमेली मांडली: लाल माती, वाळू, खडे आणि चिकणमाती. मुलांनी हात घालून खेळायचं, बस्स.

*

पहिल्या दिवशी कुणी हातच घालेना. सगळी दहाव्या-बाराव्या मजल्यावरची मुलं! ईशाननं गंभीरपणे विचारलं, "टीचर, ग्लव्ह्ज कुठेत?"

शांताक्कांनी स्वतःचे हात कोपरापर्यंत मातीत खुपसले. "स्वल्प हात घाल रे राजा. माती चावत नाही!"

त्यानं आधी एक बोट घातलं. मग पाच. डब्याच्या वेळी मी त्याला नळाखाली नेलं, तर भोकाड! "धुवू नका! माझी माती आहे ती!"

*

एकदा मी विचारलं, "सांगा बरं, माती कुठून येते?"

कबीर म्हणाला, "ॲपवरून. दहा मिनिटांत."

मी समजावायला तोंड उघडलं, तर शांताक्का म्हणाल्या, "सरी! बरोबरच आहे की. आपली गोणी तशीच आली नव्हती का?"

*

मीराच्या घरचं वॉशिंग मशीन बंद पडलं. मेकॅनिकनं आतून सात खडे काढले. दुसऱ्या दिवशी तिची आई पुडी घेऊन दारात उभी! मी माफीची वाक्यं जुळवायला लागले.

"टीचर, सहा परत आणलेत," ती म्हणाली. "सातवा ती देत नाही. त्याला दुपट्यात गुंडाळून झोपवलंय!"

*

ओजसचे बाबा कोल्हापूरकडचे, आयटीतले. "इन्फेक्शन झालं तर जबाबदार कोण?" असं तणतणत आले. तेवढ्यात त्यांचा ऑफिसचा कॉल सुरू झाला. कानात इअरफोन घालून ते पायरीवर टेकले. ओजसनं चिकणमातीचा गोळा त्यांच्या हातात ठेवला.

पंधरा मिनिटांनी पाहते तो पायरीवर बैलजोडी! शिंगं, वशिंड, सगळं. "आमच्याकडं बेंदराला करायचो," ते ओशाळून म्हणाले. निघताना हळूच विचारलं, "उद्या माती किती वाजता असते?"

*

आणि तन्वी. मुंबईहून नवीन आलेली, साडेतीन वर्षांची. दोन महिने शाळेत एक शब्द नाही. घरीही बोलणं बंद. तिची आई रोज विचारायची, "आज काही बोलली?" आणि मी रोज नकारार्थी मान हलवायचे. तन्वी वाळूच्या घमेल्यापाशी बसून राहायची, एवढंच.

शांताक्का तिच्यासमोर बसायच्या. आपला हात वाळूत पुरायच्या आणि म्हणायच्या, "अय्यो, माझा हात कुठं गेला?" मग स्वतःच उकरून, "इल्लिदे! इथंच आहे की!" रोज हाच खेळ. तन्वी नुसती बघायची.

एका सकाळी शांताक्कांनी हात पुरला आणि त्या गप्प बसल्या. तन्वी थांबली. मग दोन्ही हातांनी वाळू उपसली, शांताक्कांची बोटं घट्ट पकडली आणि अंगणभर ऐकू जाईल अशी ओरडली, "इल्लिदे!"

शांताक्का पदर तोंडाला लावून रडत होत्या. मीही.

संध्याकाळी तन्वीच्या आईचा फोन आला. आवाज रडका, मागे हसण्याचा गोंधळ. "टीचर, ही आम्हाला पुन्हा पुन्हा पडद्यामागे लपायला लावतेय! सापडलो की ओरडते, मग आम्हीही ओरडतो. फक्त एक सांगा, हे 'इल्लिदे' म्हणजे काय हो?"