पखवाजाखाली नाव नको

आमच्या चिखलीच्या मंडळात चित्रं कमी आणि किस्से जास्त जमतात. त्याला कारण आहे. ऑइलचा रंग वाळायला वेळ लागतो, किस्सा तेवढा थांबत नाही. मंडळ म्हणजे तरी काय, आम्ही तिघं. मी शाळेत ड्रॉइंग शिकवतो, शालिकभाऊ दुकानांच्या पाट्या रंगवतात आणि वंदनाताई घरी चित्रकलेचा क्लास घेतात. यंदा प्रदर्शन भरवायचं ठरलं. विषय वाद्यं, तीही ॲबस्ट्रॅक्ट! "लोक हसतील," असं घरोघर ऐकून आलो, मग तर भरवायचंच असं ठरलं.

*

तिघांच्या तीन तऱ्हा. शालिकभाऊंनी हार्मोनियम घेतली आणि तिचे तुकडे केले. काळ्या-पांढऱ्या पट्ट्या एका कोपऱ्यात, भाता दुसऱ्या कोपऱ्यात, मधे भडक लाल. मी सनईचा नुसता सूर काढला. वर चढत जाणारी एक पिवळी रेघ, शेवटी जरा खाली वळलेली. सनईचा पत्ताच नाही.

वंदनाताईंनी ना वाद्य मोडलं, ना सूर काढला. कॅनव्हासभर एक काळपट गोल आणि त्याच्या मधोमध भेगाळलेला पांढुरका डाग.

"हे काय हाये?" शालिकभाऊंनी विचारलं.

"पखवाज."

"आमच्या चित्रातून काही तरी वाजते. हे तं वाजतच नाही."

"नाहीच वाजत," ताई म्हणाल्या. "तुमी वाजनारं काढलं, म्या थांबलेलं काढलं."

यावर आम्ही तीन रविवार भांडलो. चहावाल्याने शेवटी विचारलं, "तुमची जमीन कोनती हाये, जिच्यावरून हे चाललं?"

*

शालिकभाऊंचा हात जन्मभर पाट्यांवर चाललेला. चित्र संपवलं आणि सवयीने खाली ठळक अक्षरात लिहून टाकलं, "हार्मोनियम. प्रोप्रा. शालिकभाऊ." शेजारी मोबाइल नंबर, वर "शुभ लाभ"!

ताईंनी ते सगळं पुसायला लावलं. "कोनत्याच चित्राखाली नाव नाही लिवायचं."

"काऊन? नावाबिगर लोकायले समजन कसं?"

"नाही समजलं तं नाही समजलं."

शालिकभाऊंनी पुसलं, पण फुरंगटून. शेवटी असं ठरलं की प्रदर्शनाच्या शेवटच्या दिवशी, रविवारी संध्याकाळी हॉल बंद होईपर्यंत ताईंचा पखवाज कोणीच ओळखला नाही, तर शालिकभाऊ त्याखाली लाल रंगात नाव घालणार. ताई म्हणाल्या, "घाला. पन रविवारी, आधी नाही."

*

नावावरून एवढा हट्ट का, ते मला त्यांच्या घरी गेल्यावर कळलं. ओसरीत खुंटीला त्यांच्या सासऱ्यांचा, मामाजींचा पखवाज टांगलेला होता. पखवाजाच्या डाव्या तोंडावर भिजवलेली कणीक थापतात, तेव्हा कुठे तो घुमतो. वाजवून झालं की ती खरवडून काढायची. इथे मात्र ती तशीच वाळून तडकली होती.

"सप्ताहात मामाजींचा हात थरथरला, ताल हुकला," ताई हळूच म्हणाल्या. "कोनी काहीच बोललं नाही. तेच त्यायले लागलं. आनून टांगला, तवापासून हात नाही लावला. मले खरवडूही देत नाहीत."

"मग प्रदर्शनाला येतील?"

"पखवाज हे नाव दिसलं तं दारातूनच माघारी फिरतीन. म्हनून खाली नाव नको. त्यायले त्या चित्रापुढं उभं करीन म्हंजे करीनच."

मला त्या बाईचं फार कौतुक वाटलं, आणि माझ्या पिवळ्या रेघेची जरा लाजही वाटली.

*

प्रदर्शन भरलं. लोक हसले, पण आले. माझ्या सुरापुढे एक शेतकरी बराच वेळ उभे राहिले आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, "हा कापसाचा भाव हाये ना? मंग इतका वर काऊन दाखवला?"

रोहिणखेडचे एक भजनी बुवा शालिकभाऊंच्या चित्राजवळ हळहळले. "पेटी कोनं फोडली बे? भाता चांगला दिसते. दुरुस्त होऊन जाईन." शालिकभाऊंना वाद्य ओळखल्याचा आनंद इतका झाला की त्यांनी बुवांना चहा पाजला, आणि पेटी दुरुस्तीला टाकतो असं कबूलही केलं.

ताईंच्या चित्रापुढे मात्र सगळे अडत होते. लोणारचे एक मास्तर म्हणाले, "आमचं सरोवर हाये. पानी आटलं तवाचं." ताई म्हणाल्या, "नाही." कोणी करपलेली भाकर म्हणालं, कोणी चंद्र म्हणालं. ताई प्रत्येकाला नाहीच म्हणत होत्या. आवाज एकदाही खाली आला नाही.

*

रविवारची संध्याकाळ. हॉलवाला पंखे बंद करत होता. शालिकभाऊंनी लाल रंग कालवला होता, ब्रश बुडवून तयार होता. नेमके तेव्हाच मामाजी दारात आले, घामाघूम, रागावलेले. झालं होतं असं, की ते मंदिरात गेल्यावर ताईंनी घराला कुलूप घातलं आणि किल्ली सोबत आणली होती.

"किल्ली दे वं. अर्धा घंटा पायरीवर बसून राह्यलो."

"पर्समधी हाये, मामाजी. त्या चित्राखालच्या खुर्चीवर पाहा."

मामाजी तरातरा खुर्चीपर्यंत गेले. पर्सकडे हात नेला, मान वर केली आणि तिथेच थांबले. ताई त्यांच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या. शालिकभाऊंच्या ब्रशातून लाल थेंब फरशीवर पडला, तो कोणी पुसला नाही.

मामाजींचा थरथरता हात वर गेला आणि पांढऱ्या डागाजवळ थांबला.

"कनिक वाळली वं, वंदना," ते म्हणाले. "पानी आन."

ताईंनी पर्स उघडली. किल्ली आतच राहू दिली आणि पाण्याची बॉटल काढून त्यांच्या हातात दिली.